ट्रान्स मुलीची महिला गटातली नोंदणी: आधी काय तपासायचं
सोलापुरातून ट्रान्स मुलीची पोहण्याच्या स्पर्धेत महिला गटात नोंदणी करायची असेल, तर प्रशिक्षकांनी आधी आयोजकांकडून पात्रतेचा नियम लेखी मागवावा. जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राने कायदेशीर ओळख मिळते, स्पर्धेची पात्रता नाही. गल्लत इथंच होते.

जागतिक जलतरण संघटनेचा (तेव्हाची ‘फिना’, आताची ‘वर्ल्ड ॲक्वाटिक्स’) जून २०२२ चा नियम कडक आहे. टॅनर टप्पा २ (पौगंडावस्थेची पहिली शारीरिक लक्षणं दिसतात तो टप्पा) किंवा वयाची १२ वर्षं, यांत जे नंतर येईल, त्यापुढे पुरुषी पौगंडावस्था गेलेली नसावी आणि तेव्हापासून टेस्टोस्टेरॉन सतत लिटरला २.५ नॅनोमोलच्या खाली हवं. आपल्या लॅबचा अहवाल बहुधा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतो. त्यात ही मर्यादा साधारण ७२. एकक न बघता आकडे ताडले की घोळ होतो. साध्या इम्युनोअसेत (लॅबमधल्या नेहमीच्या रक्तचाचणीत) कमी पातळी चुकू शकते, म्हणून मास स्पेक्ट्रोमेट्री ही जास्त अचूक चाचणी मागा. आणि अहवाल क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिबात टाकू नका. तो त्या मुलीचा खासगी कागद आहे.