बीडीएसचं कॉलेज निवडताना: आधी ओपीडी बघा, मग इमारत

नीटचा निकाल लागला की गेल्या वर्षीचे कटऑफ उघडून कॉलेजांची उतरंड लावली जाते. कुठे प्रवेश मिळू शकतो एवढंच त्यातून कळतं. तिथे हात कसा तयार होईल, हे कळत नाही. बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, चार वर्षांची, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. पहिली दोन वर्षं शरीररचना, औषधशास्त्र, दंतसाहित्य आणि प्रयोगशाळेतलं काम. तिसऱ्या वर्षापासून समोर खराखुरा रुग्ण. त्यामुळे कॉलेजची पारख एका प्रश्नावर करावी: विद्यार्थ्याच्या खुर्चीत रुग्ण येतो का, आणि काम पूर्ण होईपर्यंत परत येतो का?

कागदपत्रं मात्र आधी तपासा. दंत शिक्षणाच्या राष्ट्रीय नियामकाच्या यादीत कॉलेजचं नाव आणि प्रवेशक्षमता पाहा (ही जबाबदारी आधी भारतीय दंत परिषदेची, 2023 च्या कायद्याने ती राष्ट्रीय दंत आयोगाकडे दिली आहे). नव्या कॉलेजला आधी नुसती परवानगी असते आणि ती दरवर्षी वाढवून घ्यावी लागते; पदवीला पूर्ण मान्यता पहिली तुकडी बाहेर पडताना मिळते. म्हणून ‘परवानगी आहे’ आणि ‘मान्यता आहे’ या दोन वाक्यांत गल्लत होऊ देऊ नका. महाराष्ट्रातली शासकीय आणि खासगी कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली असतात, अभिमत विद्यापीठांची पदवी त्यांची स्वतःची असते.

आता प्रत्यक्ष भेट. परीक्षेचे दिवस, सुट्टी आणि शनिवार टाळून सकाळी साडेनऊच्या सुमाराला केस पेपर काढायच्या खिडकीजवळ तासभर बसा. नवा रुग्ण आधी तोंडाच्या तपासणी विभागात जातो, तिथून दुसऱ्या विभागाकडे पाठवला जातो. त्याच्यामागोमाग वरच्या मजल्यांवर चक्कर मारा. खुर्च्या शंभर आणि दिवे लागलेल्या वीस, असं दिसलं तर चकचकीत फरशीला भुलू नका.

गर्दीतही फरक असतो. शिबिराची बस एका सकाळी पन्नास माणसं आणून सोडते, त्यांचे दात काढले जातात, दात साफ होतात आणि बस परत जाते. नोंदवहीत आकडा मोठा दिसतो, पण विद्यार्थ्याला शिकायला लागतो तो पुन्हा पुन्हा येणारा रुग्ण. पूर्ण कवळीचंच घ्या. पहिलं माप, मग कडा नीट घेऊन दुसरं माप, मग दोन्ही जबड्यांचा संबंध ठरवणं, मेणात दात लावून बघणं, शेवटी कवळी बसवणं, म्हणजे किमान पाच फेऱ्या. त्यानंतर टोचतंय म्हणून येणं वेगळंच. साठ किलोमीटरवरच्या आजोबांना एवढ्या फेऱ्या झेपत नाहीत, ते तिसऱ्या फेरीला गळतात आणि विद्यार्थ्याची कवळी मेणातच राहते. रूट कॅनालचंही तेच: दुखणं थांबलं की रुग्ण दातावर कॅप बसवायला येत नाही. म्हणून शहराला लागून असलेलं, बसथांब्याजवळचं किंवा मोठ्या रुग्णालयाच्या आवारातलं कॉलेज आमच्या मते नेहमी उजवं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय कॉलेजं किंवा मुंबई महापालिकेचं नायर इथे उपचार स्वस्त आहेत, त्यामुळे माणसं आपणहून येतात. जवळ रुग्णालय असल्याचा आणखी एक फायदा: तिसऱ्या वर्षाच्या मेडिसिन आणि सर्जरीच्या पोस्टिंगसाठी बसने दुसऱ्या गावी जावं लागत नाही.

प्राध्यापकांशी बोलाच, पण खरं उत्तर इंटर्नकडे, म्हणजे इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्यांकडे असतं. त्यांना मोघम विचारू नका. दाढेचे रूट कॅनाल स्वतः किती केले? कॅपसाठी किती दात घासून लहान केले? अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेत हातात अवजार आलं की नुसतं बाजूला उभं राहिलात? प्रत्येक विद्यार्थ्याला ठरवून दिलेल्या केसेसचा कोटा पूर्ण करायला रुग्ण कोण आणतं, त्याचे पैसे कोण भरतं? ओपीडी कमी असते तिथे विद्यार्थीच नातेवाईक, मेसवाल्या मावशी यांना खुर्चीत बसवतात आणि खर्च स्वतःच्या खिशातून करतात. हा खर्च माहितीपत्रकात नसतो. नऊही विषयांत एमडीएस (बीडीएसनंतरची पदव्युत्तर पदवी) असलेल्या कॉलेजात शिकवणारे हात जास्त मिळतात, पण अवघड केस पीजीकडे, म्हणजे एमडीएसच्या विद्यार्थ्याकडे जाते आणि बीडीएसवाल्याच्या वाट्याला दात साफ करणंच उरतं, असं होतं का, हेही विचारा. स्टायपेंड किती आणि वेळेवर मिळतो का, हेही तेच सांगतील.

दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेत प्रत्येकाला स्वतंत्र फँटम हेड (सरावासाठीचं दात बसवलेलं कृत्रिम डोकं) आहे का, एअरोटरमधून (दात कोरायच्या वेगवान यंत्रातून) पाण्याचा फवारा येतो का, ते बघा. पाण्याशिवाय दात कोरायची सवय लागली तर पुढे जिवंत दाताच्या नसेला उष्णतेने इजा होते. क्लिनिकमध्ये एका रुग्णानंतर दुसरा बसताना काय होतं, त्यावर लक्ष ठेवा. ऑटोक्लेव्ह केलेलं (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेलं) अवजारांचं पाकीट रुग्णासमोर फोडलं जातं, की हँडपीस (दात कोरायचं हातात धरायचं अवजार) नुसता पुसून परत लावतात? इथे ढिलाई दिसली तर ते कॉलेज यादीतून काढा. (प्रवेश कुठेही घ्या, हेपॅटायटीस बी लशीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात, रुग्ण हाताळण्याआधी ते पूर्ण करा.)

पैशांचा हिशेब चार वर्षांचा मांडा. खासगी कॉलेजांचं शुल्क राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ते त्यांच्या संकेतस्थळावर दिसतं. कॉलेज त्याहून जास्त मागत असेल तर लेखी मागा. देणगी घेणं 1987 च्या कायद्याने बंद आहे. शुल्कात अवजारांचा संच, हॉस्टेल, मेस आणि कवळीच्या लॅबचा खर्च धरा. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना 2024 च्या शासन निर्णयाने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण प्रवेश ‘कॅप’मधूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. संस्था कोट्यातून किंवा खासगी अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतला तर ही सवलत नाही.

राज्य कोट्याचे पसंतीक्रम सीईटी सेलकडे (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाकडे) भरायचे. अभिमत विद्यापीठं आणि शासकीय कॉलेजांतला 15 टक्के अखिल भारतीय कोटा एमसीसीकडे (केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे). दोन्हीकडे नोंदणी वेगळी, तारखा वेगळ्या. पसंतीक्रम स्वतःच्या इच्छेनुसार लावा. ‘तिथे लागणार नाही’ म्हणून आवडतं कॉलेज खाली ढकललं आणि वरचं मिळालं, तर खालच्याचा विचारच होत नाही. यादीत असं एकही नाव ठेवू नका जिथे मिळालं तरी जायचं नाही, कारण पुढच्या फेऱ्यांत जागा सोडली तर अनामत रक्कम जाऊ शकते. प्रवेश घेतल्यावर स्टेटस रिटेन्शन फॉर्म पुढे केला तर सही करण्याआधी थांबा: तो भरला की पुढच्या फेऱ्यांतून तुमचं नाव बाहेर पडतं.