डीएम मंडळी, एक्सपी वाटताना या चुका टाळा

"पोरं नुसती मारत सुटतात, गोष्टीत कुणाला रस नाही," ही डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, पात्रं घेऊन गोष्ट खेळायच्या खेळांत खेळ चालवणाऱ्या डीएमची (डंजन मास्टरची) नेहमीची रड. पोरांना बोल लावण्याआधी एकदा बघा, आपण एक्सपी, म्हणजे पात्राची लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, कशाकशाचे देतो. ज्याचे देतो, तेच पोरं करणार.

हरिपूरचं घ्या. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव, पूर्वी हळद साठवली जायची अशी जमिनीखालची पेवं. सांगलीकर डीएमला याहून आयतं डंजन (राक्षस-खजिन्याचं भुयार) कुठं मिळणार? समजा, पेवात सहा गॉब्लिन (छोटे दुष्ट राक्षस) शिरलेत. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत एका गॉब्लिनचे 50 एक्सपी, सहांचे 300, चौघांत वाटून प्रत्येकी 75. एकानं पेवाच्या तोंडाशी ओल्या पाल्याचा धूर केला, दुसरीनं म्होरक्याशी बोलणी करून सगळ्यांना नदीपार घालवलं. रक्ताचा थेंब सांडला नाही. आणि डीएम म्हणतो, "कुणी मेलंच नाही, मग एक्सपी कसले?" पुढच्या रविवारी तीच पोरगी बोलायच्या भानगडीत न पडता कुऱ्हाड काढणार. का काढू नये? नियमपुस्तकातसुद्धा पळवून लावलेला किंवा कैद केलेला शत्रू हरलेलाच धरतात. पूर्ण 75 द्या.

जुन्या खेळात हे उलटं होतं. 1974 च्या मूळ नियमांपासून बाहेर आणलेल्या खजिन्यातल्या एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी. 1981 च्या बेसिक संचात गॉब्लिन मारून मिळायचे जेमतेम 5. साहजिकच लोक गॉब्लिनला वळसा घालून पेटीकडे जायचे. तुम्हाला लपतछपत खेळणारा ग्रुप हवा असेल, तर हा जुना हिशेब आजही चालतो.

दुसरी चूक गैरहजेरीची. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यात शिफ्ट असलेला गडी महिनोन् महिने गायब. त्याचे एक्सपी कापले तर तो चौथ्या लेव्हलला अडकतो आणि बाकीचे पाचव्या. कागदावर फरक एकाचा, पण पाचव्या लेव्हलला फायटरला (लढवय्याला) दुसरा वार मिळतो, विझार्डला (जादूगाराला) फायरबॉल हा आगीचा मंत्र, आणि प्रोफिशियन्सी बोनस (सरावाचा, फाशात मिळवायचा आकडा) 2 चा 3 होतो. तिथं पोचायला 6,500 एक्सपी लागतात, चौथीला 2,700 पुरतात. म्हणजे दरी एका बैठकीत भरून निघत नाही. तो बिचारा लढाईत नुसता बसून भडंग खाणार. सगळ्यांना सारखे एक्सपी द्या. हजेरीचे मार्क शाळेपुरते ठीक.

'सगळ्यात भारी अभिनय' म्हणून जादा एक्सपी देणंही बंद करा. ते दर वेळी त्याच बोलक्या माणसाला जातात. त्यापेक्षा इन्स्पिरेशन ही शाबासकीची सवलत वापरा: 2014 च्या नियमपुस्तकात ती खर्च केली की दोन वीस-बाजूंचे फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, आणि हवी तर ती दुसऱ्या खेळाडूला देता येते. ती द्यायची डीएमच्या लक्षातच राहत नाही, हे खरं दुखणं. मूठभर चिंचोके समोर ठेवा, इन्स्पिरेशन दिली की एक चिंचोका सरकवा. एकाकडे एका वेळी एकच.

माइलस्टोनवाल्यांची, म्हणजे एक्सपी न मोजता गोष्टीच्या टप्प्यावर लेव्हल देणाऱ्यांची, गोची वेगळी. लेव्हल कधी वाढणार हे फक्त डीएमच्या डोक्यात, त्यामुळे खेळाडूंना सगळं मर्जीवर चाललंय असं वाटतं. पुढचा टप्पा आधीच सांगून टाका: "पेवाचा मालक सापडला की लेव्हल." गोष्ट फुटत नाही त्यानं.

आता जादूच्या वस्तू. पोरं खूश व्हावीत म्हणून तिसऱ्या लेव्हललाच अधिक तीनची ढाल दिली, की आकडे काय होतात बघा. वार लागायला गाठायचा बचावाचा आकडा असा: पूर्ण चिलखत 18, साधी ढाल 2, एकूण 20. गॉब्लिनचा फाशात मिळवायचा बोनस 4, म्हणजे फाशावर 16 पडला तरी वार लागतो. जादूची ढाल आली की 23, आणि आता 19 हवेत. मग डीएम चिडून मोठे राक्षस आणतो, त्यात ढाल नसलेले तिघे मरतात. दिलेली वस्तू हिसकावू नका, भांडणं होतात. पुढची बक्षिसं खर्च होणारी ठेवा: 50 नाण्यांचं औषध, एकदाच चालणारा स्क्रोल.

कॉल ऑफ कथुलू हा भयकथांचा खेळ खेळत असाल तर एक्सपी विसरा. तिथं कौशल्य यशस्वी वापरलं की त्यापुढे टिक, आणि नंतर शंभराच्या फाशावर आपल्या आकड्याहून जास्त पडलं तरच ते वाढतं. म्हणून जो आधीच तरबेज आहे त्याला पुढं सरकणं अवघड. काही जण टिकसाठी दार दिसलं की फासा टाकतात. जिथं फसल्यावर काही बिघडणार नाही, तिथं फासा मागूच नका.

कॅम्पेनच्या (अनेक बैठका चालणाऱ्या गोष्टीच्या) मध्येच पद्धत बदलायची असेल तर आधी मागे राहिलेल्यांना सगळ्यात वरच्याच्या लेव्हलला आणा, मगच नवे नियम सांगा.