सोशल वर्क शिकवताय आणि लवकर परमनंट, लवकर प्रमोशन हवंय? आधी ऑर्डर वाचा

सोशल वर्क शिकवणारी माणसं गोव्यात मोजकीच, त्यामुळे कुणाला लवकर सीनियर स्केल, म्हणजे पगाराची पुढची पायरी, मिळाली की बातमी पेडण्यापासून काणकोणपर्यंत जाते आणि मग फोन सुरू होतात. मलाही आले. मॅडम, इतक्या लवकर कसं काय, कुणाची ओळख होती काय? ओळख बिळख कुणाची नव्हती. माझ्याकडे एक जुनी नेमणुकीची ऑर्डर होती, ती नीट लिहिलेली होती, बस्स. आणि त्याच्याही आधीची एक ऑर्डर नीट लिहिलेली नव्हती म्हणून तिथली माझी सगळी नोकरी पाण्यात गेली. त्याचा राग अजून गेलेला नाही, तेव्हा मध्येमध्ये तिखट लागलं तर सांभाळून घ्या.

नेट-सेट या पात्रता परीक्षा, पंधरा वर्षांचा रेसिडेन्स दाखला, कोंकणीची अट, लेक्चर बेसिस (तासावर पैसे) म्हणजे काय आणि कॉन्ट्रॅक्ट बेसिस (ठरावीक मुदतीची नेमणूक) म्हणजे काय, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, डिचोलीची, सध्या अमेरिकेत सोशल वर्कमध्ये पीएचडी करते. तिच्या डिपार्टमेंटमधल्या एका प्रोफेसरला अर्ली टेन्युअर, म्हणजे नेहमीच्या वेळेआधी कायम नोकरी, मिळाली तेव्हा तिने मला विचारलं, मॅम, आपल्याकडे असं काही असतं का हो? असतं पण आणि नसतं पण. तिकडे टेन्युअर ट्रॅकवर लागलं की साधारण सहाव्या वर्षी फाईल वर जाते, बाहेरच्या युनिव्हर्सिटीतले प्रोफेसर तुमचे पेपर वाचून पत्रं लिहितात, मग डिपार्टमेंट, डीन, प्रोव्होस्ट असं करत निकाल लागतो. मिळाली तर कायम, नाही तर साधारण एक वर्ष देतात आणि मग बॅग भरायची. ही फाईल कुणी चौथ्या वर्षीच पुढे केली की ती अर्ली. यात एक धोका आहे, काही ठिकाणी लवकर गेलात आणि नकार आला तर तोच शेवटचा निकाल धरतात, काही ठिकाणी फाईल मागे घेऊन परत येता येतं, म्हणून आपल्या युनिव्हर्सिटीचा नियम वाचल्याशिवाय कुणीही, अगदी तिथल्या सीनियरने 'यू आर रेडी' म्हटलं तरी, उडी मारू नये.

पण मला त्यात खरी आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तिकडच्या प्राध्यापकांच्या संघटनेचं १९४० सालचं एक निवेदन आहे, टेन्युअरचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा. उमेदवारीचा काळ सात वर्षांच्या वर नेऊ नका, हे त्यात आहेच, पण त्याच्याही आधी पहिल्या कलमात काय आहे तर नेमणुकीच्या सगळ्या अटी लेखी असाव्यात आणि नोकरी पक्की व्हायच्या आधी त्या दोघांच्याही हातात असाव्यात. आपल्याकडे ऑर्डर रुजू झाल्यावर महिन्याने मिळते आणि आपण ती न वाचता फाईलला लावतो.

आता आपल्याकडचं. आपल्याकडे टेन्युअर नावाची एकच मोठी परीक्षा नाही, तिचे दोन तुकडे आहेत. पहिला कन्फर्मेशन, म्हणजे नोकरी पक्की होणं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या रेग्युलेशनप्रमाणे प्रोबेशन, म्हणजे उमेदवारीचा काळ, एक वर्ष, काम समाधानकारक नसेल तर जास्तीत जास्त आणखी एक वर्ष, आणि ते वाढवायचं असेल तर पहिलं वर्ष संपायच्या आत तशी ऑर्डर काढावी लागते. प्रोबेशन संपल्यावर ४५ दिवसांत कन्फर्मेशनची ऑर्डर देणं हे संस्थेवर बंधनकारक आहे. तुमच्या ऑर्डरमध्ये काय लिहिलंय ते बघा, त्यात वेगळा काळ असेल तर तेव्हाच विचारा. दुसरा तुकडा सीएएस (करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम), म्हणजे पगाराच्या लेव्हल १० वरून ११ ला प्रमोशन. मूळ पगार ५७,७०० वरून लेव्हल ११ च्या ६८,९०० च्या रांगेत. पीएचडी असेल तर चार वर्षं, एमफिल असेल तर पाच, यातलं काहीच नसेल तर सहा. लवकर म्हणजे काय तर हीच चार वर्षं, आणि त्या चारात मागच्या नोकरीची वर्षं धरली गेली तर आणखी लवकर.

इथेच ती मेख आहे. आता मी जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण हे मला कुणी सांगितलं नाही.

त्या रेग्युलेशनच्या दहाव्या कलमात मागची सर्व्हिस कशी धरायची ते दिलंय. गेस्ट लेक्चरर म्हणून केलेली नोकरी, कितीही वर्षं केलेली असो, धरत नाहीत. संपला विषय. आपल्या लेक्चर बेसिसवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचा, कारण 'बाय, तू शिकवीत राव, अनुभव जाता मगे' असं सांगणारे खूप भेटतील. अनुभव होतो, सर्व्हिस होत नाही. कॉन्ट्रॅक्ट, ॲड हॉक, टेम्पररी, नाव काहीही असू दे, ते धरतात, पण तीन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. तुमची पात्रता तेव्हाही यूजीसीला हवी तेवढी असली पाहिजे. नेमणूक रीतसर सिलेक्शन कमिटीच्या शिफारशीवर झालेली असली पाहिजे. आणि तुम्हाला मिळणारा एकूण ग्रॉस पगार रेग्युलर असिस्टंट प्रोफेसरच्या महिन्याच्या ग्रॉसपेक्षा कमी नको.

त्या ग्रॉस शब्दावर बोट ठेवा. बेसिक नव्हे. समजा संस्थेने मोठ्या मनाने तुम्हाला सरसकट ५७,७०० दिले, तुम्ही खूश, मला रेग्युलरएवढं मिळतं म्हणून. नाही मिळत. शेजारच्या खुर्चीवरच्या रेग्युलर माणसाला त्याच ५७,७०० वर डीए (महागाई भत्ता) आहे, एचआरए (घरभाडे भत्ता) आहे, त्याचा ग्रॉस तुमच्या कितीतरी वर. म्हणजे तुमची ती वर्षं कागदावर शून्य. काम तेच, पेपर तपासणं तेच, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, वेळी रात्री फाईली लावणं पण तेच.

माझ्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टचं नेमकं हेच झालं. संस्थेचं नाव घेत नाही. माझी सर्व्हिस धरायचा प्रस्ताव नव्या ठिकाणी हेडक्लार्कबाईंच्या टेबलावर होता, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ऑर्डर उजेडाकडे धरली आणि पेन्सिलीने एका शब्दाखाली रेघ मारली. 'बाय, हांगा कन्सॉलिडेटेड म्हूण बरयलां.' म्हणजे भत्ते नसलेला सरसकट पगार. मी म्हटलं, पण मॅडम, इंटरव्ह्यू झाला होता, एक्सपर्ट आले होते. त्या म्हणाल्या, 'तें खंय बरयलां?' कुठेच लिहिलं नव्हतं. 'युवर अपॉइंटमेंट इज हियरबाय मेड' एवढंच, कुणाच्या शिफारशीवर ते नाही. पगारातच मार खाल्ला होता, त्यात सिलेक्शन कमिटीचा पण उल्लेख नाही. त्या बाईंवर तेव्हा चिडले होते, पण खरं सांगायचं तर माझ्या नोकरीत माझी फाईल पहिल्यांदा कुणी मनापासून वाचली असेल तर त्यांनीच. दुसऱ्या कॉलेजची ऑर्डर त्यांनी उलटून बघितली, त्यात जाहिरात नंबर, कमिटीची तारीख, पे लेव्हल आणि भत्ते सगळं होतं, तेवढी सर्व्हिस धरली गेली.

म्हणून आता जे कॉन्ट्रॅक्टवर आहेत त्यांनी एवढं तरी करा. एक्स्पीरियन्स सर्टिफिकेटवर भरवसा ठेवू नका, त्यात सगळ्यांचं 'सिन्सियर अँड हार्डवर्किंग' असतं, त्याचा इथे उपयोग नाही. पगाराचा ब्रेकअप असलेलं सॅलरी सर्टिफिकेट घ्या, फॉर्म १६ जपा, जाहिरातीचं कात्रण ठेवा, आणि दर वर्षी नवी ऑर्डर मिळत असेल तर प्रत्येक ऑर्डर वेगळी ठेवा. नोकरी सोडून दहा वर्षांनी तिथे कागद मागायला गेलात तर तो क्लार्क रिटायर झालेला असतो आणि कपाटाची चावी कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नसतं. आणि हो, संस्था खाजगी की सरकारी याने फरक पडत नाही, कलमात तसं स्पष्ट आहे. परदेशातली रेग्युलर नोकरी सुद्धा धरतात, म्हणजे ती डिचोलीची पोरगी उद्या तिकडे असिस्टंट प्रोफेसर होऊन परत आली तर तिची वर्षं वाया जाणार नाहीत, कागद असेल तर.

घाबरवतेय असं वाटत असेल तर थोडं थांबा. हे सगळं जमतं. माझ्यासारख्या सत्तरी तालुक्यातल्या खेड्यातून आलेल्या, इंग्लिशमध्ये ऑफिसला पत्र लिहिताना घाम फुटणाऱ्या बाईला जमलं, तुम्हालाही जमेल.

आता आपल्या विषयाचं वेगळं दुखणं, फील्डवर्क. सीएएसमध्ये शिकवण्याचा हिशेब टक्क्यांनी करतात, नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर गुड, ७० च्या खाली गेलात तर नॉट सॅटिस्फॅक्टरी. इतिहासवाल्याचे तास टाइमटेबलवर दिसतात. आपण मात्र सकाळी बांबोळीला जीएमसी या सरकारी हॉस्पिटलात नाहीतर आयपीएचबी या मनोरुग्णालयात प्लेसमेंटची पोरं बघायला, तिथून एखाद्या पंचायतीत, कारण एमएसडब्ल्यूचा (सोशल वर्कच्या मास्टर्सचा) मुलगा एका म्हाताऱ्या आजीचा दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा फॉर्म भरतोय आणि तिच्या आधारवर आणि रेशन कार्डावर नाव वेगवेगळं आलंय, आता हे सोडवणं म्हणजेच केसवर्क, हे वर्गात कसं शिकवणार? मग परत येऊन प्रत्येकाची इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, रिपोर्ट वाचणं, लाल शाईने समास भरणं. दिवस गेला. टाइमटेबलवर काय दिसतं? 'फील्डवर्क', शिक्षकाचं नाव नाही. रेग्युलेशनमध्ये तासांच्या हिशेबात ट्युटोरियल, लॅब आणि इतर शिकवण्याशी निगडित काम येतं असं आहे, पण ते नेमून दिलेलं दिसलं पाहिजे ना. तेव्हा जूनमध्येच एचओडीकडे जाऊन कॉन्फरन्सचे तास तुमच्या नावाने टाइमटेबलवर चढवून घ्या आणि एजन्सी व्हिजिटची नोंद त्याच दिवशी, एजन्सीच्या माणसाच्या सहीने ठेवा. मार्चमध्ये सगळ्या सह्या एकाच पेनाने करून आणणारे मी पाहिलेत, कमिटीतले एक्सपर्ट पण पाहतात, ते काही आंधळे नसतात.

एनजीओमधली वर्षं? सीएएसला धरत नाहीत. याच्यावर माझं भांडण आहे. अमेरिकेत सोशल वर्कच्या कोर्सना मान्यता देणारी जी कौन्सिल आहे ती म्हणते की प्रॅक्टिस शिकवणाऱ्याकडे एमएसडब्ल्यूनंतर निदान दोन वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव पाहिजे. आपल्याकडे नेट काढलेला, एकही घर न चढलेला मुलगा थेट केसवर्क शिकवायला लागतो. तरीही मी म्हणेन दोन वर्षं फील्डला जा. लवकर प्रमोशन या एका कारणासाठी ती वर्षं टाळू नका, खाणी बंद झाल्यावर ट्रकचे हप्ते थकलेल्या घरात कधी बसलाच नाहीत तर वर्गात काय पुस्तकाचं पान वाचून दाखवणार?

शॉर्टकटचं बोलते. पैसे देऊन आठवड्यात पेपर छापणारे जर्नल, ते नको. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर लिस्ट २०२५ च्या सुरुवातीला बंद केली, आता तर जर्नल बरं की वाईट हे ठरवायची जबाबदारी संस्थेवर आणि आपल्यावरच आली, त्यामुळे 'आता काहीही चालतं' असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. वेबिनारची सर्टिफिकेटं पण तशीच. फाईल म्हणजे गणपतीवरची माटोळी नव्हे, मिळेल ते फळ टांगत सुटायला. लेव्हल ११ ला २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स लागतो, तो आधी करा, सीट मिळायला वेळ लागतो. पीएचडी नोकरी सांभाळून, रजा न घेता केलीत तर ती वर्षं शिकवण्याचा अनुभव म्हणून धरली जातात, रजा घेऊन केलीत तर तो काळ तसा धरत नाहीत, हा हिशेब रजेचा अर्ज करायच्या आधी मांडा. माझ्या मते ज्याला चांगला विषय मिळालाय त्याने रजा घ्यावी, एखादं वर्ष उशीर झाला तर काय बिघडतं. पण घरचा हप्ता चालू असेल तर माझं ऐकू नका.

मेंटर हा एक वेगळाच प्रकार. 'तू कशाला टेन्शन घेतेस, आम्ही आहोत ना' म्हणणारे सीनियर प्रेमळ असतात, चहा पाजतात, पण त्यांची प्रमोशनं जुन्या नियमांवर झालेली असतात. त्यांना नियम विचारू नका, त्यांना शिकवायचं कसं ते विचारा. नियम विचारायचा तर नुकताच या चक्रातून बाहेर पडलेल्याला, नाहीतर हेडक्लार्कना.

प्रमोशनचा अर्ज ड्यू डेटच्या, म्हणजे तुम्ही पात्र होता त्या तारखेच्या, आधी, तीन महिन्यांच्या आत द्यायचा. कमिटीत प्रिन्सिपल, एचओडी आणि कुलगुरूंनी पॅनेलवरून नेमलेले विषयाचे दोन एक्सपर्ट असतात. आपल्या विषयाचे एक्सपर्ट बरेचदा मुंबई-पुण्याहून बोलवावे लागतात, त्यांची तारीख जुळेपर्यंत पावसाळा जातो. जाऊ दे. कमिटी उशिरा बसली तरी पास झालात तर प्रमोशन तुम्ही पात्र झालेल्या तारखेपासून मिळतं, म्हणून त्या काळात प्रिन्सिपलशी वाद घालू नका. नाही झालं तर निदान एका वर्षानंतर परत बघतात, नोकरी जात नाही, अमेरिकेसारखी बॅग भरावी लागत नाही. झोप उडवून घेण्यासारखं काही नाही त्यात.

आणि जे या जूनमध्ये कॉन्ट्रॅक्टच्या इंटरव्ह्यूला जाणार आहेत त्यांनी शेवटी 'एनी क्वेश्चन्स?' विचारलं की नुसतं हसून उठू नका. विचारा, सर, ऑर्डरमध्ये सिलेक्शन कमिटीचा उल्लेख असेल का, आणि पगार कन्सॉलिडेटेड की डीएसकट? थोडं ऑकवर्ड होईल. विचाराच.