माजी सैनिकांनो, या चुका टाळा: पेन्शन, सवलती आणि ट्रंकेत पडून राहिलेले कागद

सातारा जिल्ह्यात फौजेत गेलेला माणूस नाही असं गाव शोधूनही सापडणार नाही. अपशिंगे मिलिटरीत पहिल्या महायुद्धात पडलेल्या 46 जवानांचं स्मारक आहे. इतक्या पिढ्या लष्करात घालवलेल्या या जिल्ह्यात घरोघर कागदांची जी अवस्था मी बघतो, तिने जीव तुटतो. लष्करात क्लार्क होतो, 24 वर्षं कागदच सांभाळले. निवृत्तीनंतर दर शनिवारी साताऱ्यात बसतो आणि येईल त्याचे अर्ज भरून देतो. गेल्या बारा वर्षांत नव्या चुका फारशा दिसल्या नाहीत. त्याच त्या दिसतात, माणसं तेवढी बदलतात.

आपल्यासाठी कायदे झाले नाहीत, सरकारने काही केलं नाही, असं पारावर बसून म्हणणं सोपं आहे. वन रँक वन पेन्शनसाठी, म्हणजे हुद्दा आणि सेवा सारखी तर पेन्शनही सारखी, मग निवृत्ती केव्हाही असो, यासाठी किती वर्षं गेली ते आठवा. 2011 साली राज्यसभेच्या याचिका समितीने ती मागणी रास्त ठरवली. भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपले राज्यपाल झाले, ते त्या समितीचे अध्यक्ष होते. 2015 च्या उन्हाळ्यात म्हातारे फौजी जंतरमंतरवर बसले, 7 नोव्हेंबर 2015 ला आदेश निघाला आणि लाभ 1 जुलै 2014 पासून धरला गेला. एवढ्या खटपटीने मिळालेलं आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येतं आणि बायकोच्या नावातल्या एका अक्षरावर अडतं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

बायकोचं नाव आणि जन्मतारीख न तपासणं

बारा वर्षांत सर्वात जास्त रडणं मी या एका चुकीपायी ऐकलं आहे.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती. माहेरी हौसा, सासरी सुमन. जवान सुट्टीवर येऊन लग्न करायचा, युनिटला परत जाऊन नाव सांगायचा, पार्ट टू ऑर्डर (लग्न, मुलं अशा घरच्या बदलांची युनिटची अधिकृत नोंद) निघायची आणि डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून बाहेर पडताना मिळणाऱ्या सेवेच्या नोंदवहीत, 'सुमन' लागायचं. इकडे गावात मात्र बाई शेवटपर्यंत हौसाबाईच. मतदान कार्ड हौसाबाई, आधार हौसाबाई, पासबुक हौसाबाई. नवरा जिवंत आहे तोवर कुणाला काही कळत नाही, कारण पेन्शन त्याच्या नावावर येत असते.

माण तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या काकूंचं अगदी असंच झालं (नावं बदलून लिहितो). यजमान हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आषाढात गेले. तेराव्यानंतर पुतण्या कागद घेऊन निघाला. पोरगा हुशार, पण घायकुतीला आलेला. कुणीतरी त्याला सांगितलं, आधारवर नाव बदललं की काम झालं. त्याने आधार केंद्रावर जाऊन हौसाबाईचं सुमन करून आणलं. पीपीओशी (पेन्शन मंजुरीच्या आदेशाशी) नाव जुळलं म्हणून तो खूश. पण बँकेत खातं हौसाबाईच्या नावाचं आणि पॅन कार्डही. केवायसी जुळेना म्हणून बँकेने खातंच थांबवलं. त्यात नवऱ्याने शिल्लक ठेवलेले चार पैसे होते, तेही अडकले. मग एका एजंटाने आठ हजार घेतले, जन्मतारखेच्या रकान्यात अंदाजाने साल टाकलं आणि अर्ज पुढे ढकलला. डिस्चार्ज बुकात 1951, आधारवर 1 जानेवारी 1957, अर्जात तिसरंच काही. अर्ज परत आला.

काकू माझ्याकडे आल्या तेव्हा आठ महिने झाले होते. हातात काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात यजमानांचा नंबर आणि नाव. आत युरियाच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक. कोपरा वाळवीने खाल्लेला, पण बायकोच्या नावाचं पान शाबूत. त्या पानावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊ, हे नाव त्यांनी ठेवलेलं. ह्या नावानं मला दुसरं कुणी हाक मारली न्हाई कधी."

आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. 'हौसाबाई आणि सुमन ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, वर्तमानपत्रात जाहिरात, सैनिक कल्याण कार्यालयाची पडताळणी, मग रेकॉर्ड ऑफिस (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं लष्कराचं कार्यालय). चौदाव्या महिन्यात पहिली पेन्शन आली. तोवर हातातल्या पाटल्या गेल्या होत्या. नवरा जिवंत असता तर हेच काम त्याच्या एका सहीच्या अर्जाने सुरू झालं असतं.

माझी पद्धत साधी आहे. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि पासबुक, चारही एका ओळीत मांडतो आणि पेन्सिल घेऊन अक्षरागणिक वाचतो. इंग्रजी स्पेलिंगही वाचतो, कारण एक 'यू' जास्त असला तरी संगणकाला ती दुसरी बाई वाटते. फरक सापडला की त्या दिवशी काहीच बदलायचं नाही. कोणत्या नावाला जुना, पक्का पुरावा आहे ते आधी ठरवायचं आणि मगच एकेक कागद त्याच्याशी जुळवायचा. नवरा-बायको दोघांनी समोर बसायचं. "तिला काय कळतंय त्यातलं" असं म्हणणाऱ्याचा अर्ज मी हातात घेत नाही. उद्या ते कागद घेऊन तिलाच फिरायचं आहे.

जन्मतारखेकडे तर कुणी बघतच नाही. वयाची 80 वर्षं पूर्ण झाली की पेन्शनमध्ये 20 टक्के वाढ मिळते, 85 ला ती 30 होते, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरीला मूळ पेन्शनच दुप्पट. कुटुंब निवृत्तिवेतनालाही, म्हणजे जवानाच्या पश्चात घरच्यांना मिळणाऱ्या पेन्शनलाही, हे लागू आहे. पण विधवेची जन्मतारीख नोंदलेलीच नसेल, तर ती 80 ची झाली हे कळणार कुणाला?

अपंगत्व पेन्शन नाकारल्याचं पत्र ट्रंकेत ठेवणं

ही दुसरी चूक. ही करणारे बहुतेक अतिशय शिस्तीचे, वरिष्ठांचा शब्द मोडायचा नाही अशा वळणाचे असतात.

पाटण खोऱ्यातले एक नाना तोफखान्यात होते. बाहेर पडताना मेडिकल बोर्डाने ऐकू कमी येण्याचं 30 टक्के अपंगत्व लिहिलं. काही महिन्यांनी इंग्रजीत पत्र आलं की हा आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, पेन्शन नामंजूर. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की सहा महिन्यांत अपील करता येईल. नानांनी पहिली ओळ वाचून घेतली, शेवटची कुणी वाचलीच नाही. पत्र नऊ वर्षं ट्रंकेत राहिलं. आयुष्यभर तोफेशेजारी उभा राहिलेला माणूस, आणि कान सेवेमुळे गेला नाही हे त्याने मान्य केलं, कारण कागदावर शिक्का होता.

2007 साली संसदेने सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा केला तो अशाच माणसांसाठी. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. 2013 मध्ये धरमवीर सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी जवान धडधाकट होता आणि आजाराची नोंद नव्हती, तर आजार सेवेमुळेच झाला असं धरायचं. नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. टक्केवारी वर नेण्याचंही आहे: 20 ते 49 टक्के असेल तर 50 धरतात, 50 ते 75 असेल तर 75, त्यापुढे 100. नानांचे 30 म्हणजे 50.

नाना जिंकले. पण उशिरा दाद मागितली तर थकबाकी साधारणपणे अर्ज करण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये तरसेम सिंह खटल्यात ठरवून दिलं आहे. नऊ वर्षांतली सहा गेली. निकालाच्या दिवशी नानांच्या मुलाने मला विचारलं, त्या सहा वर्षांचं काही करता येईल का. मी नाही म्हणालो. तो नकार देणं मला जड गेलं.

आता बाहेर पडणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. 2023 मध्ये पात्रतेचे नवे नियम आले आहेत, त्यामुळे जुन्या निकालावर डोळे झाकून विसंबू नका. सेवेत असतानाच प्रत्येक दुखापतीचा अहवाल, प्रत्येक दवाखान्याची नोंद यांची प्रत काढून घ्या. मेडिकल बोर्डाचे कागद वाचल्याशिवाय सही करू नका. घरी जायची घाई सगळ्यांनाच असते, पण त्या एका दुपारच्या घाईची किंमत वर्षानुवर्षं मोजावी लागते. आणि नकाराचं पत्र आलं की पाकिटावर पेन्सिलीने मिळाल्याची तारीख टाका. अपिलाची मुदत मी त्या तारखेशी ताडून बघतो.

ओटीपी सांगणं

स्पर्श प्रणालीचा (फौजी पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेचा) पासवर्ड आणि ओटीपी एजंटाला देऊ नका. भाच्याच्या मित्राला नाही, फोनवरून "प्रयागराजहून (तिथल्या पेन्शन कार्यालयातून) बोलतोय" म्हणणाऱ्याला तर नाहीच. हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यायचा असतो आणि तो मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. त्यासाठी कुणाला पाचशे रुपये देऊ नका.

शेजाऱ्याच्या पेन्शनशी आपली ताडून बघणं

"तो पण हवालदार, मी पण हवालदार, त्याला जास्त कसं?" दर शनिवारी हा प्रश्न असतोच. वन रँक वन पेन्शनचा तक्ता हुद्दा, गट (ट्रेडनुसार ठरणारा) आणि सेवेची वर्षं या तिन्हींवर चालतो. दोन वर्षं सेवा कमी असेल तर आकडा कमीच येणार. आधी आपली सेवा किती धरली आहे ते पीपीओत बघा.

तसंच कुटुंब निवृत्तिवेतनाचं. निवृत्तीनंतर जवान गेला, तर पत्नीला सुरुवातीला वाढीव दराने, म्हणजे शेवटच्या पगाराच्या 50 टक्क्यांच्या हिशोबाने मिळतं. ते सात वर्षं किंवा जवानाच्या वयाची 67 वर्षं झाली असती तोपर्यंत, यातलं जे आधी येईल तेवढंच. मग 30 टक्के. पेन्शन कापली म्हणून घाबरून तक्रार करण्याआधी ही तारीख तपासा.

सवलत आपोआप मिळेल असं समजणं

घरपट्टी माफी 2020 पासून राज्यातल्या सगळ्या माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घरापुरती आहे. पण अर्ज करावा लागतो, सोबत सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडावा लागतो. ग्रामसेवक घरी येऊन विचारणार नाही. राज्याच्या भरतीतलं 15 टक्के आरक्षण समांतर आहे (प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच मोजतात), म्हणजे फॉर्ममध्ये आपला सामाजिक प्रवर्गही बरोबर भरायचा. मुलीच्या लग्नाचं आणि मुलांच्या शिक्षणाचं केंद्रीय सैनिक बोर्डाचं अनुदान हवालदार हुद्द्यापर्यंत मिळतं. नोव्हेंबर 2025 पासून ते दुप्पट झालं आहे, लग्नाला एक लाख आणि शिक्षणाला दोन अपत्यांपर्यंत प्रत्येकी महिन्याला दोन हजार. मुदत संपल्यावर लग्नाचा अल्बम घेऊन येणाऱ्यांना मी काहीही देऊ शकत नाही.

शेतीच्या दाव्यात जवानाला वाऱ्यावर सोडणं

हे नोकरीत असलेल्यांच्या घरच्यांसाठी. पोरगा सीमेवर आणि इकडे वाटणीच्या दाव्यात तारखेवर तारीख. 1925 चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन कायदा अजून लागू आहे. जवान युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत तैनात असेल, तर कमांडिंग ऑफिसरचं प्रमाणपत्र दाखवून त्याच्याविरुद्धचं कामकाज पुढे ढकलता येतं. वकिलाला हे सांगा, कारण अनेकांना ते माहीत नसतं. वकील परवडत नसेल तर 2025 पासून नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) वीर परिवार सहायता योजनेत सैनिक बोर्डामार्फत मोफत कायदेशीर मदतीची सोय झाली आहे.

अपंग मुलाचं नाव न लावणं

अपंग, स्वतः कमावू न शकणाऱ्या अपत्याला आई-वडिलांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. आई-वडील हयात असतानाच त्याचं नाव पीपीओत लावून घेता येतं, तरी पालक हे टाळतात. काहींना पोराचं अपंगत्व कागदावर लिहायचं नसतं, काहींना आपल्या मरणाचा विषय नको असतो. मला दोन्ही समजतं. तरी मी हट्ट धरतो, कारण दोघंही गेल्यावर तो मुलगा रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहू शकणार नाही आणि भावकीला ते लिहायची निकड वाटेलच असं नाही.

जावळीतलं एक जोडपं गेल्या महिन्यात आलं होतं. मुलगा 34 वर्षांचा, आईचा पदर धरून बसलेला. तात्यांनी तीनदा विषय बदलला. शेवटी मावशींनीच पिशवीतून सिव्हिल हॉस्पिटलचं प्रमाणपत्र काढून माझ्यासमोर ठेवलं, म्हणाल्या, "लिवा तुम्ही." अर्ज त्याच दिवशी भरला, स्पीड पोस्टाने पाठवला, पावती त्यांच्या पासबुकाला टाचून दिली. पुढच्या शनिवारी त्यांना परत बोलावलं आहे. मावशींची स्वतःची जन्मतारीखही दोन कागदांवर वेगवेगळी निघाली.