परिचारिका असलेल्या आईचे जीवनवृत्त कसे लिहावे

परिचारिकेच्या घरच्यांना तिचे अर्धेच आयुष्य ठाऊक असते. सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन पाळ्यांत विभागलेल्या तिच्या दिवसातील जे तास घराबाहेर गेले, त्यांविषयी ती घरी फारसे बोलत नाही, कारण रुग्णाची गोष्ट वॉर्डाबाहेर न्यायची नाही हे तिला प्रशिक्षणातच शिकवलेले असते. माझी आई ३७ वर्षे शासकीय रुग्णालयांत नोकरी करून परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख परिचारिका, म्हणून निवृत्त झाली. तिच्या वर्षश्राद्धाला नातवंडांच्या हाती द्यावी म्हणून मी एक छोटी पुस्तिका लिहायला बसले, तेव्हा पहिल्या दोन पानांतच माझ्याजवळचे सगळे संपले. पुढची पाने ज्या मार्गाने मिळाली तो मार्ग, ज्यांच्या घरात अशीच एखादी सिस्टर होती त्यांच्या उपयोगी पडावा, म्हणून येथे सांगत आहे.

सर्वांत आधी माणसांकडे जावे. कागद थांबू शकतात, पण तिच्या बरोबरीच्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत. प्रशिक्षणाच्या वेळी वसतिगृहात एका खोलीत राहिलेल्या मैत्रिणी, हाताखालच्या सिस्टर, शक्य असल्यास मेट्रनबाई आणि विसरू नये अशा वॉर्डातल्या मावशी, या सर्वांची नावे आईच्या फोनमधून व लग्नपत्रिकांच्या यादीतून काढावीत. मावशींचे नाव मी मुद्दाम घेते. डॉक्टरांनी आईचे काम पाहिले ते राउंडच्या वेळी, पण पहाटे चार वाजता ती कशी वागत असे हे मावशींनी पाहिलेले असते. प्रत्यक्ष भेटीला जावे, फोनवर ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि एका बैठकीत तासाभराहून अधिक बोलायला लावू नये.

प्रश्न कसा विचारतो यावर बरेच अवलंबून असते. ‘आई कशी होती?’ असे विचारले की ‘फार प्रेमळ होत्या हो’ एवढेच उत्तर येते आणि तेथेच गोष्ट थांबते. नाइट ड्युटीला डब्यात काय असायचे, काचेच्या सिरिंज उकळायचे काम कोणाकडे असे, ती कोणत्या गोष्टीवरून रागवायची, पहिला मृत्यू पाहिला त्या रात्री ती कोठे जाऊन बसली, असे विचारावे. माझ्या आईच्या मैत्रिणीने या शेवटच्या प्रश्नावर बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग तिने लिननच्या खोलीची जी हकीकत सांगितली, ती मला आईने ५० वर्षांत सांगितली नव्हती.

वयोवृद्ध माणसांना सन आठवत नाही, प्रसंग आठवतात, त्यामुळे काळ ठरवण्यासाठी सर्वांना ठाऊक असलेल्या घटनांचा आधार घ्यावा. ‘कोयनेच्या भूकंपाच्या वेळी आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो’ या एका वाक्यावरून, तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी झाला असल्याने, आईच्या प्रशिक्षणाची वर्षे निश्चित झाली. बोलण्यात देवी रोगाच्या निर्मूलन मोहिमेचा उल्लेख आला तर ती हकीकत बहुधा १९७५ पर्यंतची समजावी, कारण देशातील देवीचा शेवटचा रुग्ण त्या वर्षी नोंदला गेला. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ चा, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा आणि पल्स पोलिओची सुरुवात १९९५ ची, अशी एक छोटी तारीखपट्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी आणि ऐकलेली प्रत्येक आठवण तिच्याशी ताडून पाहावी.

यानंतर कागदांकडे वळावे. परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र, नेमणुकीचा व बदल्यांचे आदेश, निवृत्तिवेतनाचे कागद आणि आईने सेवापुस्तकाची प्रत जपून ठेवली असल्यास तीही, हे सारे कालानुक्रमे लावावे. सेवापुस्तकाइतका कोरडा दस्तऐवज दुसरा नसेल, आणि तरीही माझे डोळे पहिल्यांदा भरून आले ते त्याच्यावरच. माझ्या जन्मतारखेशेजारी ९० दिवसांच्या प्रसूती रजेची नोंद होती आणि त्याच्या पुढच्याच ओळीत बदलीच्या गावी रुजू झाल्याचा दिनांक होता. तीन महिन्यांच्या मला आजीजवळ ठेवून ती एकटी त्या गावी गेली होती, हे मला त्या दोन ओळींनी सांगितले. अशा नोंदी आपल्या घरच्या तारखांशेजारी, म्हणजे मुलांचे जन्म, शाळाप्रवेश, आजारपणे आणि वडिलांची नोकरी यांच्या बाजूला, एकाच पानावर दोन रकान्यांत मांडून पाहाव्यात. आई आणि परिचारिका ही एकच बाई होती, हे असे रकाने भरताना जितके स्पष्ट दिसते तितके एरवी दिसत नाही.

पदांची नावे अचूक लिहावीत. घरात आपण सरसकट ‘नर्स’ म्हणतो, पण अधिपरिचारिका, तिच्या वरची वॉर्डाची जबाबदारी सांभाळणारी परिसेविका आणि संपूर्ण रुग्णालयाची परिचर्या पाहणारी अधिसेविका ही निरनिराळी पदे आहेत, आणि त्यांतली प्रत्येक पायरी चढायला तिला अनेक वर्षे लागलेली असतात. ती ग्रामीण भागात आरोग्यसेविका असेल, तर तिच्या कामाचा आवाका आकड्यांत सांगावा. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. एवढ्या वस्तीतील बाळंतपणे, लसीकरण आणि घरभेटी तिने पायी किंवा एसटीने जाऊन केल्या हे लिहिले, की ‘अथक सेवा’ हा शब्द वापरण्याची गरज उरत नाही. माझे मत स्पष्ट आहे की ‘त्यागमूर्ती’, ‘वात्सल्यसिंधू’ यांसारखी विशेषणे या लेखनातून काढून टाकावीत, कारण ती कोणत्याही बाईला लावता येतात आणि म्हणून तुमच्या आईला लागत नाहीत.

अवघड गोष्टी वगळू नयेत. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात आरोग्य खात्यातील अनेकांवर कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांचा दबाव होता; ती तेव्हा नोकरीत असेल तर त्याविषयी सहकाऱ्यांना विचारावे आणि त्या जे सांगतील ते न्यायबुद्धीने लिहावे. पाळ्यांमुळे दिवाळीच्या पहाटे ती घरी नसायची आणि त्याचा मुलांना राग यायचा, हेही लिहावे. मी ते वाक्य दोनदा खोडले आणि शेवटी ठेवले, कारण ते वाचून माझा धाकटा भाऊ प्रथमच आईविषयी मोकळेपणाने बोलला. एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळावी. कोणत्याही रुग्णाचे नाव, गाव किंवा ओळख पटेल असा तपशील छापू नये. तिने आयुष्यभर पाळलेली गुप्तता तिच्या पश्चात आपण मोडणे योग्य नाही.

आजी म्हणून ती कशी होती, हे नातवंडांना सांगू द्यावे आणि त्यांचे शब्द शक्यतो बदलू नयेत. लहान मुले गुण सांगत नाहीत, हालचाली सांगतात, आणि आजीच्या हातांत रुग्णालय कसे उतरले होते ते त्यांतूनच कळते. माझ्या भाचीने लिहिले की आजी तळहाताऐवजी हाताची मागची बाजू कपाळाला लावायची, नाडी मोजताना घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट कोणालाही बोलू द्यायची नाही, आणि चादरीचे कोपरे असे दुमडायची की रात्रभर लोळूनही ते निघत नसत. जुलाब झाले की एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच, हे प्रमाण तिने सगळ्या नातवंडांकडून पाठ करून घेतले होते. पुस्तिकेत ते तिच्याच शब्दांत छापले आहे.

छायाचित्रांबाबत थोडक्यात सांगते. जुनी छोटी छायाचित्रे ६०० डीपीआयवर स्कॅन करावीत, मागे नावे लिहायची तर मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत, बॉलपेन वापरू नये, आणि प्रमाणपत्रांना लॅमिनेशन करू नये. पांढऱ्या टोप्या घातलेल्या तुकडीच्या छायाचित्रातील प्रत्येकीचे नाव मैत्रिणींकडून आताच लिहून घ्यावे.

लिहायला बसल्यावर जन्मगावापासून सुरुवात करण्याचा मोह आवरावा. कामावरच्या एखाद्या ठराविक दिवसापासून, उदाहरणार्थ रात्रपाळी संपवून ती घरी येते आणि मुलांचे डबे भरते त्या सकाळपासून, सुरुवात केली तर दोन्ही आयुष्ये पहिल्याच परिच्छेदात एकत्र येतात. शेवटच्या आजाराला एका परिच्छेदाहून अधिक जागा देऊ नये. अखेरचे काही आठवडे आपल्या मनात ताजे असतात म्हणून ते ३७ वर्षांवर पसरू लागतात. शोकसभेत वाचायचे असेल तर साधारण ५०० शब्द पुरतात, आणि ते आधी दोन-तीनदा मोठ्याने वाचून पाहावेत, म्हणजे आवाज कोठे दाटतो ते कळते आणि तेथे वाक्य लहान करता येते.

छपाईपूर्वी मसुदा तिच्या एखाद्या सहकारी सिस्टरला वाचून दाखवावा. मी वाचला तेव्हा त्या बाईंनी डोळे मिटून सगळे ऐकले, एका जागी थांबवले आणि म्हणाल्या, ‘वॉर्ड नंबर चुकला आहे, आम्ही सातमध्ये होतो. आठमध्ये त्या नंतर गेल्या.’ मी तो आकडा बदलला, आणि पुस्तिकेच्या शेवटी सहा कोरी पाने ठेवली.