पाटीवर ‘सेंद्रिय’ लिहिण्याआधी

सेंद्रिय, पर्यावरणपूरक हॉटेल काढायचं म्हटलं की बहुतेक जण आधी जागा बघतात. कोथरूडला गाळा मिळतोय, भाडं जमतंय, डिपॉझिटची सोय झाली. मग इंटिरिअरवाला येतो आणि सारवलेल्या भिंती, कंदील, पितळी तांबे यांवर निम्मं भांडवल जातं. भाजी कुठून आणायची हा प्रश्न उद्घाटनाच्या पंधरा दिवस आधी पडतो आणि मार्केट यार्डातली मेथी ‘थेट शेतावरची’ म्हणून ताटात येते. माझं सांगणं एवढंच, की हा क्रम उलटा करा: आधी शेतकरी, मग ताट, मग भटारखाना आणि गाळा सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं पुण्यातल्या शाकाहारी थाळीच्या हॉटेलाचं आहे, रोज ऐंशी पानं उठतील अशा बेताचं. कोल्हापूरला किंवा नाशकात काढणार असाल तर गावांची नावं बदलतील, बाकी फारसं काही बदलणार नाही.

तर शेतकरी. एका ताटात दोन भाज्या धरल्या तर निवडून-चिरून दोनशे ग्रॅम भाजी लागते. म्हणजे ऐंशी पानांना सोळा किलो. देठं, साली, किडकं बाजूला टाकल्यावर तेवढी उरायची तर रोज वीस-बावीस किलो दारात यायला हवी. एकाच शेतकऱ्यावर हा भार टाकू नका. त्याच्याकडे वांगी येतात तेव्हा सगळी एकदम येतात आणि नंतर तीन आठवडे वांग्याचं नाव नसतं. पाच-सात जण हवेत आणि तेही एका पट्ट्यातले नकोत. मुळशी-मावळात जुलैच्या झडीत पालेभाजी सडते, त्याच वेळी पुरंदर-शिरूरकडच्या कमी पावसाच्या शेतात ती उभी असते. त्यांच्याशी बोलणं पेरणीच्या आधी करा, काढणीच्या वेळी नव्हे. कोण काय लावणार, किती लावणार, कुठल्या आठवड्यात तोडणार, हे वहीत उतरवा. वर्षभराचा एकच भाव ठरवता आला तर उत्तम, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आठवड्याच्या आठवड्याला पैसे चुकते करणं. भाजीवाल्याची उधारी थकवणाऱ्या हॉटेलाकडे चांगला माल दुसऱ्यांदा येत नाही.

मग कागद. सेंद्रिय खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१७ चे वेगळे नियम आहेत. त्यांनुसार सेंद्रिय म्हणून विकायचा माल एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या प्रमाणपत्र देण्याच्या दोन सरकारमान्य पद्धतींपैकी एकीने प्रमाणित असावा लागतो. छोटा शेतकरी आपला माल थेट खाणाऱ्याला विकतो तेव्हा त्याला सूट आहे. मधे तुमचं हॉटेल आलं की ती सूट तुमच्या कामाची नाही. एनपीओपीत बाहेरची संस्था तपासणी करते. निर्यातदारांना ते परवडतं, एकट्या भाजीवाल्याला जड जातं. पीजीएसमध्ये किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो, आणि आपल्या कामाला तीच वाट बरी. रासायनिक शेती सोडली म्हणून दुसऱ्या दिवसापासून माल सेंद्रिय होत नाही. एनपीओपीच्या नियमांत हंगामी पिकांना दोन वर्षं आणि फळबागांना तीन वर्षं रूपांतरणाची धरली आहेत. त्या मधल्या काळातल्या शेतकऱ्याचा माल जरूर घ्या, उलट तेव्हाच त्याला गिऱ्हाइकाची गरज असते, पण मेनूवर तसं स्पष्ट लिहा. प्रत्येक गटाच्या प्रमाणपत्राची प्रत, त्याची मुदत आणि माल आल्याची पावती एका फायलीत लावा. अधूनमधून एखादा नमुना एनएबीएल (प्रयोगशाळा तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत कीटकनाशकांच्या अंशासाठी पाठवा, आणि पाठवणार आहात हे शेतकऱ्यांना आधीच सांगून ठेवा. सगळंच प्रमाणित मिळालं नाही तर पाटीवर ‘सेंद्रिय’ लिहूच नका. ‘गावरान थाळी’ लिहा आणि कोणती जिन्नस प्रमाणित आहे ते फळ्यावर मांडा.

रानभाज्यांचंही तसंच. टाकळा, भारंगी, करटोली, कुर्डू यांवर कोणी फवारत नाही, पण प्रमाणपत्र नसेल तर त्या रानभाज्या म्हणूनच विका, लोक त्याच नावाने खायला येतात. मात्र आचाऱ्याला त्या येतात का ते बघा. शेवळं पहिल्या पावसात थोडे दिवस मिळतात, कर्जत-मुरबाडकडच्या बायका जुड्या बांधून आणतात. वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि शिजवताना काकडाच्या आंबट फळांचा रस घालायचा. यातलं एक जरी चुकलं तर खाणाऱ्याचा घसा खवखवतो. शेवळांच्या जुडीबरोबर काकडं मिळाली नाहीत तर त्या दिवशी शेवळं घेऊच नका.

कोठीघर भरताना प्रांताप्रांताचं घ्या. मुळशीचा आंबेमोहर, आजऱ्याचा घनसाळ, मंगळवेढ्याची ज्वारी, नवापूरची तूर, कोरेगावचा वाघ्या घेवडा, सांगलीची हळद, भिवापुरी मिरची. या सगळ्यांना भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या त्या भागाचा माल म्हणून कायदेशीर ओळख, आहे, पण मानांकन म्हणजे सेंद्रिय नव्हे, हा गोंधळ मेनू लिहिताना हमखास होतो. अकोले तालुक्यातल्या, देशी वाण जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री मिळाल्यापासून गावठी वाल-घेवड्याच्या वाणांबद्दल गिऱ्हाईक आपणहून विचारतं, तेव्हा वाढणाऱ्या पोरांना दोन वाक्यं सांगता यायला हवीत. रासायनिक धुरी न दिलेल्या धान्याला भुंगा आणि सोंडे लवकर लागतात. वर्षाचं एकदम भरण्याचा मोह टाळा. तीन-चार आठवड्यांपुरतं घ्या, उन्हं दाखवा, घट्ट झाकणाच्या डब्यांत कडुलिंबाचा पाला घालून ठेवा आणि जुना माल आधी संपवा. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल फोडणीला झकास, तळणीत मात्र लवकर काळवंडतं. म्हणून रोजच्या ताटात भजी-पापडाचा मारा ठेवू नका. तळणीच्या तेलातली टीपीसी, म्हणजे खराब होत गेलेल्या तेलाची खूण, २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरता येत नाही. असं तेल बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांना द्यायची सोय आधीच लावा, मोरीत ओतू नका.

मेनू छापू नका. फळा टांगा. दोन भाज्या, एक उसळ, आमटी, भात, भाकरी, कोशिंबीर, बस्स. डिसेंबरात भेंडी मागणाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे.

भटारखान्यात सगळ्यात जास्त वेळ निवडण्यात जातो आणि अंदाजपत्रकात नेमकं तेच नसतं. सेंद्रिय पालकाच्या पानांना भोकं असतात, फ्लॉवरच्या गड्ड्यात अळी असते, वालाच्या शेंगांवर मावा असतो. फ्लॉवरचे तुरे मिठाच्या कोमट पाण्यात ठेवले की अळ्या वर येतात, पण ते पाणी दोनदा बदलायला आणि प्रत्येक तुरा उलटून बघायला माणूस लागतो. ऐंशी पानांसाठी फक्त निवडायला दोन बायका धरा आणि त्यांना आचाऱ्याइतकंच सांभाळा, कारण ताटात निघालेली एक अळी गिऱ्हाईक चार जणांना सांगतं. पितळेची भांडी वापरायची हौस असेल तर आधी कल्हईवाला शोधा. कल्हई गेलेल्या पातेल्यात सोलकढी किंवा चिंचेची आमटी ठेवणं धोक्याचं आहे. रोजच्याला स्टील बरं.

कचऱ्याचं नियोजन गाळा बघतानाच करायचं, कारण त्याला जागा लागते. ओलं, सुकं आणि उष्टं यांचे वेगळे डबे कुठे बसतील ते नकाशावर काढून घ्या. मागे थोडी मोकळी जागा असेल तर छोटा बायोगॅस संच बसतो. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने खरकट्यावर चालणारं असं छोटं संयंत्र विकसित केलंय. त्यात शिजलेलं, पिठूळ, उरलेलं चांगलं जिरतं. लिंबाच्या साली आणि कांद्याची सालपटं त्यात टाकू नका, ती कंपोस्टला, कोरड्या पाल्याच्या थरांत. पुण्यात सुका कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई नेतात. त्यांच्याशी वेळ ठरवून घ्या आणि त्यांच्या हातात खरकटं लागलेलं काही देऊ नका.

पार्सल ही या धंद्याची दुखरी जागा. महाराष्ट्रात २०१८ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताटवाट्यांवर बंदी आहे, देशभर १ जुलै २०२२ पासून. त्याऐवजी जे कागदी डबे येतात त्यांना आतून बहुधा प्लॅस्टिकचाच थर असतो. ‘कंपोस्टेबल’ म्हणून विकले जाणारे प्लॅस्टिकचे डबे तुमच्या मागच्या खड्ड्यात कुजत नाहीत, त्यांना कारखान्यातली उष्णता लागते. स्वतःचा डबा आणणाऱ्याला दहा रुपये सूट द्या, आसपासच्या ऑफिसांना स्टीलचे डबे अनामत घेऊन द्या, आणि पहिले सहा महिने घरपोच ॲपवर जाऊच नका. धंदा थोडा कमी होईल, होऊ दे. जेवणावळी घेतल्यात तर केळीचं पान किंवा पळसाची पत्रावळ आहेच.

पाण्यासाठी नळांना जाळी, मोरीच्या तोंडाशी तेलकट गाळ अडवणारा ग्रीस ट्रॅप, आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला आणि गच्ची मिळत असेल तर भांड्यांच्या गरम पाण्यासाठी सोलर. परवान्यांचं फार लिहीत नाही: उलाढालीप्रमाणे फूड लायसन्स, गुमास्ता, अग्निशमन आणि महापालिकेची कामं एका जाणत्या माणसाकडे सोपवा. त्यातल्या लायसन्सचा १४ आकडी क्रमांक बिलावर छापायचा असतो.

पैशांचं गणित करताना एक गोष्ट विसरली जाते. साध्या हॉटेलाला बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो, पण खरेदीवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही. फ्रीज, मिक्सर, शेगड्या करासकट खर्चात धरा. सहा महिन्यांचं भाडं आणि पगार बाजूला ठेवा, श्रावण-पितृपक्षात भाज्या कडाडतात त्याची वेगळी तरतूद करा.

आणि मुहूर्त दिवाळीनंतरचा धरा. तेव्हा मेथी, पावटा, गाजर, वांगी सगळं मुबलक येतं आणि शिकायला सोपं जातं. पण उघडायच्या आधीच मे महिन्याचा फळा लिहून बघा: भाजीपाला आटलाय, विहिरी खाली गेल्यात, पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकते. तेव्हा ताट चालवायचं ते मटकी, हुलगा, वाळवलेली गवार, सांडगे, पिठलं आणि कैरीच्या आमटीवर. त्यासाठी डाळी-कडधान्यं शेतकऱ्यांकडे सांगून ठेवायची ती फेब्रुवारी-मार्चात आणि सांडगे घालायचे ते एप्रिल लागायच्या आत, गच्चीवर ऊन कडक असताना.