दोस्त आऊट झालाय? त्याला झोपवून बाहेर येऊन बसू नका

पुण्यात फ्लॅट करून राहणाऱ्या पोरापोरींचं ठरलेलं असतं, सबमिशन संपलं की बसायचं, आणि बसलं की एकजण आऊट होणारच. मग दोघं त्याला बगलेत धरून आत नेतात, गादीवर टाकतात, पंखा फुल करतात, दार ओढून घेतात आणि परत चकण्यावर येऊन बसतात. घोळ होतो तो इथेच. माणूस झोपला म्हणजे दारू चढायची थांबली असं नसतं, शेवटी पाणी न घालता मारलेला पेग रक्तात पूर्ण उतरायला अर्धा-एक तास सहज जातो, म्हणजे अकराला जो नुसता बडबडत होता तो बाराला जास्त चढलेला असतो आणि तेव्हा त्याच्याजवळ कोणीच नसतं.

आधी हिशोब बघा. क्वार्टर म्हणजे 180 मिली, आपल्या व्हिस्की-रमवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल. लिव्हर तासाला 7 ते 10 ग्रॅम काढतं. एका क्वार्टरलाच सहा-आठ तास! लिंबू, दही, ब्लॅक कॉफी, कशानेही हा वेग वाढत नाही. थंड पाण्याखाली उभं केलं तर अंग गार पडतं आणि बाथरूममध्ये घसरून डोकं फुटतं ते वेगळंच. घशात बोटं घालून उलटी तर अजिबात काढू नका, अर्धवट शुद्धीत ती श्वासनलिकेत जाते आणि माणूस गुदमरतो.

तर करायचं काय? नावाने जोरात हाक मारा, खांदा हलवा. डोळे उघडून शिव्या दिल्या तर बरंच आहे. तरी उताणा झोपवायचा नाही. कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, वरच्या हाताचा पंजा गालाखाली सरकवा, मान किंचित मागे आणि तोंड खालच्या बाजूला, म्हणजे उलटी झालीच तर बाहेर पडेल. पाठीमागे कपडे कोंबलेली कॉलेजची सॅक लावून ठेवा, परत उताणा होत नाही. आणि एकाने तिथेच बसायचं, न प्यायलेल्याने किंवा सगळ्यात कमी प्यायलेल्याने, पाळी लावून.

मोबाईलवर टायमर लावून एक मिनिट श्वास मोजा, छाती वरखाली होताना बघून. साधारण 12 ते 20 येतात. आठच्या खाली आले, किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांची गॅप पडली, ओठ-नखं निळसर झाली, अंग गार-चिकट लागलं, झटके आले, चिमटा काढूनही जागा होईना, यातलं एकही दिसलं तर 108 लावा, फुकट आहे. घशातून घरघर येत असेल तर 'मस्त घोरतोय' म्हणून हसू नका. डोकं आपटलं असेल तर वाट बघायचीच नाही. आणि श्वासच थांबला तर फोन स्पीकरवर ठेवून छातीच्या मधोमध जोरजोरात दाबायला लागा.

फोनवर सोसायटीचं नाव, मजला, लिफ्ट आहे का ते सांगा, एकाला खाली गेटवर पाठवा. डॉक्टरांना खरं सांगायचं, काय प्यायला, किती वाजल्यापासून, झोपेची किंवा अजून कसली गोळी घेतली होती का, शुगर आहे का.

इथेच सगळ्यांची फाटते. महाराष्ट्रात व्हिस्की-रमला वय 25 लागतं, बियरला 21, दारू प्यायचं परमिट कोणाकडेच नसतं, वर घरमालक, रेक्टर, गावाकडे आईबाबा. म्हणून 'सकाळपर्यंत बघू' चालतं. मी तर म्हणेन फ्लॅट गेला तर जाऊ दे, दुसरा मिळतो, ब्रोकरेज जाईल फार तर.

सकाळी पाणी, ओआरएस, साधा वरणभात. डोकं ठणकतंय म्हणून क्रोसिनवर क्रोसिन नको, लिव्हर आधीच दमलेलं असतं. रात्रीचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा नाही.

हे दर शनिवारी एकाचंच होत असेल तर तो उतरलेला असताना, एकटा असताना बोला. आणि सकाळी हात थरथरतात म्हणून तो घोट घेत असेल तर 'आजपासून बंद' अशी शपथ घालू नका, एकदम सोडल्यावर फिट येऊ शकते, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी लागते. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय. तिथवर जायची तयारी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रूममेट म्हणून तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालतो.